पहिल्या नोकरीच्या दारातला अर्ध्या तासाचा पेपर

गेल्या वर्षी जूनमध्ये नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटबाहेर मी भाच्याची वाट बघत उभा होतो. स्टोअर हेल्परच्या जागा निघाल्या होत्या. गाडीतून आलेला माल उतरवून घ्यायचा, चलनाशी ताडून रॅकला लावायचा आणि शॉपवरून, म्हणजे उत्पादन विभागातून, मागणी आली की काढून द्यायचा, एवढं काम. पाऊण तासाने तो बाहेर आला. बोटांना शाई लागलेली, कॉलर घामाने भिजलेली. "मामा, पेपर नीट बघितलासुद्धा नाही. फॉर्ममध्येच वेळ गेला." चार पानी फॉर्म, सगळा इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत, खाडाखोड चालणार नाही अशी तळटीप. त्यानंतर 30 प्रश्न आणि 30 मिनिटं. त्याचे 11 प्रश्न झाले होते.

त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता. दुसरीत शंका आली, चौथीत प्रमाणपत्राचा कागद हातात पडला. ताईने त्यासाठी नाशिकहून मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात सात फेऱ्या मारल्या होत्या.

गेटबाहेर मी त्याला काही बोललो नाही, कारण तो पेपर माझ्या ओळखीचा होता. अंबडच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. असेच पेपर मी स्वतः तयार केलेत, वाटलेत, तपासलेत. चार जागांना दोनशे अर्ज आले की गाळणी लागतेच, आणि कागद ही सगळ्यात स्वस्त गाळणी. पण या पेपरात पहिला आलेला मुलगा रॅक लावण्यातही पहिला येतो का, हे त्या 22 वर्षांत मी एकदाही तपासून पाहिलं नाही. आज मला त्याची टोचणी आहे, आणि ती आहे म्हणूनच हे लिहितो आहे.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. हे वाक्य आता बरेच जण म्हणतात, पण घरात असं मूल वाढलं की त्याचा अर्थ कळतो. गोष्ट वाचून दाखवली की भाच्याला ती शब्दशः आठवायची, तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला सांगितली की तिसऱ्या ओळीवर घसा कोरडा पडायचा. देवनागरीत अशा मुलांची परीक्षा आणखी बारीक होते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' एकमेकांत मिसळतात. 'सूर्य' लिहिताना रफार नेमका कोणाच्या डोक्यावर बसवायचा हे दहावीपर्यंत पक्कं होत नाही. आकड्यांचं तर विचारूच नका. आपण मराठीत 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, लिहायचं मात्र उलट. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी जोड आली, तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर पोटतिडकीने समजावून सांगत होत्या, आणि बाकीचे मराठी बुडाल्याची हाकाटी करत होते. त्या दिवसांत ताई मला म्हणाली होती, "माझ्या पोराच्या वेळी हे पुस्तक असतं तर त्याचा निम्मा मार वाचला असता."

महाराष्ट्राला एक श्रेय दिलंच पाहिजे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालेय परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय या राज्याने 1996 मध्येच घेतला. देशाच्या कायद्यात तेव्हा या अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात ही मुलं कुठेच बसत नव्हती. पुढे 2016 चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम आला, यादी 21 प्रकारांची झाली आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. तोवर आपल्याकडे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी या गोष्टी रुळून वीस वर्षं झाली होती. भाचा दहावी पास झाला तो याच आधारावर, आणि पुढे बारावी, मग पदवीचं पहिलं वर्ष. त्यानंतर तो म्हणाला, आता पुरे, मला काम करायचंय.

आणि कामाच्या दारात पाय ठेवला त्या दिवशी हे सगळं संपलं.

सरकारी नोकरीत 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यातला एक-एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग अशा तीन गटांना जातो. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे एकत्र कोंबलेले आहेत. शिवाय त्यासाठी 40 टक्के अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. पाय किती वाकतो हे मोजता येतं. वाचताना किती दमछाक होते ते टक्क्यांत कसं मोजणार? खासगी क्षेत्रात तर राखीव जागाच नाहीत. कायद्याने सरकारला एवढंच सांगितलंय की मालकांना प्रोत्साहन द्या, म्हणजे त्यांच्याकडे किमान 5 टक्के कर्मचारी दिव्यांग असतील. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण तयार करावं असंही कायदा म्हणतो. 20 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कोणत्या सोयी दिल्या जातील आणि निवड कशी होईल हेही त्यात लिहायचं आहे. मी ज्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालवलं तिथे असं धोरण भिंतीवर लावलेलं मला कुठेही दिसलं नाही. पिण्याच्या पाण्याची पाटी, अग्निशमनाची पाटी, लैंगिक छळाविरुद्धच्या समितीची पाटी, सगळं असतं. ही पाटी नसते.

तरीही मी राखीव जागांसाठी भांडायला बसलेलो नाही. ज्याला सरकारी जागा मिळते त्याने ती जरूर घ्यावी. पण नाशिक, चाकण, वाळूज, इचलकरंजीची बहुतेक मुलं पहिली नोकरी करतात ती छोट्या कारखान्यात, दुकानात, गोदामात, ठेकेदाराच्या हाताखाली. तिथे राखीव जागा पोचणार नाहीत. तिथे निवडीची रीत बदलायला हवी, आणि ती बदलायला पैसाही फार लागत नाही. माझी मागणी एकच आहे: हाताने करायच्या कामासाठी माणूस घेताना लेखी पेपर घेऊ नका, दोन दिवस पगारी काम देऊन बघा.

लगेच एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. स्टोअरमध्येही आकडे असतात. समजा 6203 आणि 6302 ही दोन बेअरिंगं. दोन्ही खरी, दोन्ही रोजच्या वापरातली, शेजारशेजारच्या खोक्यांत पडलेली. पहिल्याचं भोक 17 मिलिमीटरचं, दुसऱ्याचं 15. आकड्यांची अदलाबदल करणाऱ्या पोराने एकाच्या जागी दुसरं दिलं तर शॉपवर काम अडतं, सुपरवायझर स्टोअरमध्ये येऊन आरडाओरडा करतो. मग मालकाने हा धोका का पत्करावा?

याचं उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडलं नाही, शॉप फ्लोअरवर सापडलं. ज्या कारखान्यात मी होतो तिथे चूक होऊच नये म्हणून काय काय केलेलं होतं ते आठवून बघतो. प्रेसवर पार्ट उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरला एक खुंटी होती. चांगल्या मालाचा ट्रे हिरवा, नापास मालाचा लाल. प्रत्येक मशीनसमोर फोटो लावलेली एक पानी सूचना, कारण मोठा परिच्छेद कोणीच वाचत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. जपान्यांकडून आलेला 'पोका-योके' हा शब्द तर आमच्या फोरमनच्या तोंडात बसला होता. त्याचा अर्थच असा की माणूस चुकणार हे गृहीत धरून कामाची मांडणी करा. ही सगळी व्यवस्था दहावी-बारावी झालेल्या, अध्ययन अक्षमता नसलेल्या कामगारांसाठी होती आणि कोणी तिला 'सवलत' म्हणत नव्हतं. उत्पादनाची शिस्त म्हणत होते. मग 62 ने सुरू होणाऱ्या खोक्यांना निळी पट्टी आणि 63 ने सुरू होणाऱ्या खोक्यांना पिवळी पट्टी लावली, तर ती एका मुलावर केलेली मेहेरबानी कशी काय होते? कायद्याच्या भाषेत याला 'वाजवी सोय' म्हणतात. कारखान्याच्या भाषेत ती रोजचीच गोष्ट आहे.

आणि अशा पट्ट्या लावूनही काही कामं काही मुलांना जमणार नाहीत, हेही मान्य करू. दिवसभर फोनवर ऑर्डर ऐकून हाताने लिहून घ्यायचं काम माझ्या भाच्याला कदाचित कधीच जमणार नाही. त्याला तिथे ठेवा असं मी म्हणणार नाही. पण ते जमतं की नाही हे त्या कामावर बघा. वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये हेच तत्त्व सांगितलं: प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीकडे बघून कोणाला बाद करायचं नाही, तो अभ्यासक्रम त्याला झेपतो का ते तपासायचं. डॉक्टर होण्यासाठी जो न्याय लागू होतो तो रॅक लावणाऱ्याला का नको?

न्यायालयाची आणखी दोन प्रकरणं इथे आठवतात. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल लागला. 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नसली तरी सोय नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या एका मुलीचं प्रकरण आलं. 'नीट' परीक्षेत तिला हक्काचा जादा तास मिळालाच नव्हता. अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं, पण परीक्षा पुन्हा घ्यायचा आदेश काही निघाला नाही. या मुलांचे पालक वकील लावू शकले, दिल्लीपर्यंत जाऊ शकले. सातपूरच्या गेटवर 11 प्रश्न सोडवून बाहेर आलेला मुलगा कुठे जाणार? त्याच्या हातात नकाराचं पत्रसुद्धा नसतं. 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत.

अनुभवाची अट हे दुसरं कुलूप. ज्या मुलाने चार वर्षं परीक्षेशी झगडण्यात घालवली, त्याने सुट्टीत कुठे काम केलेलं नसतं. जी वर्षं इतर मुलं कॉल सेंटरला, डिलिव्हरीला, काकांच्या दुकानात हात मारण्यात घालवतात ती त्याची शिकवणीत गेलेली असतात. बायोडाटा कोरा राहतो. कोरा बायोडाटा आणि अडखळत भरलेला फॉर्म समोर आला की माझ्यासारखा पर्सोनेलवाला दुसऱ्या मिनिटाला कागद उलटा ठेवतो. मी तसेच ठेवले आहेत, कितीतरी.

यावर मार्ग नाही असं नाही, उलट सरकारने स्वतःच बनवलेले दोन रस्ते आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला आता 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दुसरा, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, 2024 मध्ये आलेली. तरुणाने आस्थापनेत काम शिकायचं आणि विद्यावेतन सरकारने थेट त्याच्या खात्यात भरायचं: बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मालकाचा खर्च जवळपास शून्य. अनुभव नसलेल्या मुलासाठी याहून सोयीची गोष्ट कोणती? पण किमान अट बारावीची ठेवली आहे, आणि अध्ययन अक्षमता असलेली कितीतरी मुलं नेमकी दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर अडखळलेली असतात. ज्यांना या योजनेची सगळ्यात जास्त गरज आहे ती पहिल्याच चाळणीत बाहेर. या मुलांपुरती ही अट शिथिल करून दहावीवर, गरज पडली तर आठवीवर आणावी. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आठवी पास मुलगा चालतो, मग इथे का चालू नये? दिव्यांगांसाठी वेगळं खातं आपल्या राज्याने 2022 साली उभं केलं. त्या खात्याने कौशल्य विकास खात्याशी बसून हा एवढा एक शासन निर्णय काढला तरी मोठं काम होईल.

मुलाखतीत सांगायचं की नाही, हा प्रश्न घरोघरी असतो. ताईच्या घरी यावरून रात्रीचं जेवण थंड झालेलं मी पाहिलंय. दाजींचं म्हणणं, "सांगितलं की दारातूनच परत पाठवतात." ताईचं म्हणणं, "न सांगता घेतलं आणि आठव्या दिवशी चूक झाली तर खोटारडा ठरेल." दोघांचंही खरं आहे. म्हणून मला वाटतं हा भार मुलावर नकोच. प्रत्येक अर्जात, सगळ्यांसाठी, एक ओळ छापावी: 'निवडीच्या वेळी तुम्हाला काही सोय हवी आहे का?' कोणाला फॉर्म वाचून दाखवायला हवा असेल, कोणाला जादा वेळ, गरोदर बाईला बसायला खुर्ची, एखाद्याला मराठीतून प्रश्न. कारण विचारायचं नाही. एका ओळीचा प्रश्न आहे, आणि या ओळीने त्या जूनच्या दिवशी माझ्या भाच्याचं काम झालं असतं.

खोट्या प्रमाणपत्रांचा मुद्दा हल्ली हमखास निघतो. 2024 पासून तर चहाच्या टपरीवरही निघतो. सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचा कागद काढणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण दोन दिवस पगारी काम करून दाखवायला खोटं प्रमाणपत्र काय उपयोगाचं? तिथे फायदा लाटण्यासारखं काही नाहीच. आणि खरं दुखणं नेमकं उलट बाजूला आहे. कागद मिळतो तो बहुतेक शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, फेऱ्या मारू शकणाऱ्या आईबापांच्या मुलाला. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला शब्द मिळतो, 'ढ'. तो मुलगा सहावी-सातवीत गळतो, विशीत नाशिकला बिगारी कामाला येतो आणि आपल्याला काय होतं हे त्याला कधीच कळत नाही. मोठेपणी तपासून घ्यावं म्हटलं तर जी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी सर्रास वापरतात ती शाळकरी मुलांसाठी बनवलेली. म्हणून मी म्हणतो, दार उघडायची किल्ली प्रमाणपत्र नसावी. काम बघून माणूस घेतला तर हा विनाकागदाचा मुलगाही आत येतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. अशा मुलांबद्दल भाषण झालं की कोणीतरी उठून आइन्स्टाइनचं नाव घेतो. मग पालक पोराच्या अंगात काहीतरी अलौकिक शोधत बसतात, चित्रकला नाहीतर तबला नाहीतर कोडिंग. माझ्या भाच्याला चित्र काढता येत नाही. तबला त्याने तीन महिन्यांत सोडला. तो वेळेवर येतो, सांगितलेलं काम अर्धवट टाकत नाही, जड खोकं उचलताना दुसऱ्याला हाक मारतो आणि वस्तू एकदा जागेवर ठेवली की ती जागा विसरत नाही. बारा ते पंधरा हजारांची साधी नोकरी मिळायला एवढं पुरेसं असायला हवं. इतर मुलांकडून आपण याहून जास्त कुठे मागतो?

ऑगस्टमध्ये माझ्या जुन्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याला मी हे सगळं सांगितलं. शब्द टाकल्यावर त्याने ऐकलं, हे खरं, आणि शब्द टाकायला मामा असावा लागतो हेही खरं. 14 माणसांचं वर्कशॉप, शेतीच्या अवजारांचे सुटे भाग बनवणारं. त्याने भाच्याला दोन दिवस ठेवून बघितलं, दोन दिवसांचे 1,000 रुपये दिले. पहिल्या दिवशी भाच्याने दोन खोकी चुकीच्या रॅकला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच मालकाकडे रंगीत चिकटपट्टी मागितली. आता तिथे त्याला अकरा महिने होत आले. बिन कार्डावर, म्हणजे खोक्याच्या नोंदपट्टीवर, तो तारीख आणि नग लिहितो. पार्टचं नाव आधीच छापलेलं असतं.

पण तो पगारपत्रकावर आहे ठेकेदाराच्या. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होतं, आणि दर वेळी नवा फॉर्म. परवा रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "मामा, फॉर्म आलाय. उद्या सकाळी द्यायचाय." त्याने फोटो पाठवला. तीन पानं, इंग्रजी कॅपिटल अक्षरं, खाडाखोड चालणार नाही. मी चष्मा लावून एकेक रकाना वाचत गेलो, तो पलीकडे लिहीत गेला. आईचं माहेरचं नाव, पीएफचा बारा आकडी नंबर, दोन-दोन आकडे करून. सव्वाअकरा वाजता तो म्हणाला, "शेवटचा रकाना राहिला, मामा. शैक्षणिक पात्रतेखाली लिहिलंय, अनुभव किती वर्षं. काय लिहू?"